विधेयकामागचे हात

(भिलाईतील हुडको वसाहतीत मराठी भाषक कामगारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विधानसभेचे अधिवेशन जवळ आले की वर्तमानपत्रांतून दोन प्रकारच्या बातम्या येऊ लागतात. पहिली बातमी मोर्चांची असते. अंगणवाडी सेविका निघाल्या, कंत्राटी वीज कामगार निघाले, पोलिसांनी कठडे उभारले, वाहतूक वळवण्यात आली, असा तिचा मजकूर असतो. दुसरी बातमी आतल्या पानावर, व्यापार-उद्योगाच्या सदरात येते. अमुक उद्योगमंडळाच्या शिष्टमंडळाने अमुक मंत्रिमहोदयांची भेट घेतली, प्रस्तावित विधेयकाबाबत आपल्या सूचना सादर केल्या, मंत्रिमहोदयांनी सहानुभूतीपूर्वक विचार करण्याचे आश्वासन दिले, एवढाच तिचा मजकूर असतो. पहिली बातमी मोठ्या टाइपात छापली जाते, कारण तिच्यामुळे रस्ता अडतो. दुसरी बातमी चार ओळींत आटोपते. परंतु कायदा पुष्कळदा त्या चार ओळींतूनच जन्माला येतो. आज मला त्या चार ओळींविषयी बोलावयाचे आहे.

हा विषय हुडकोत मांडण्यास कारण आहे. २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे याच वसाहतीतील घरात झोपेत असताना शंकर गुहा नियोगी यांच्यावर गोळी झाडण्यात आली. भिलाईच्या पोलाद कारखान्याभोवती उभ्या राहिलेल्या खाजगी कारखान्यांतील ठेका-कामगारांचे आंदोलन त्या वेळी दीड वर्षाच्या आसपास चालू होते. मृत्यूपूर्वी थोडेच दिवस अगोदर नियोगी कामगारांना घेऊन दिल्लीला गेले होते आणि त्यांनी राष्ट्रपतींना निवेदन दिले होते. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्थानकावर रेल्वे रोखून बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला व पंधराहून अधिक कामगार मारले गेले. नियोगींवर गोळी झाडणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली दोषी ठरवले. कटाचा आरोप ज्यांच्यावर होता ते उद्योगपती मात्र निर्दोष सुटले.

या इतिहासातील एक गोष्ट मी आपल्या लक्षात आणून देऊ इच्छितो. त्या कामगारांच्या मागण्या काय होत्या? किमान वेतन द्या, हजेरीपटावर नाव लावा, कायमच्या कामावर कायमचा कामगार नेमा, संघटना करण्याचा हक्क मान्य करा. या मागण्यांचा बराच भाग कायद्याच्या पुस्तकात अगोदरच लिहिलेला होता. किमान वेतनाचा कायदा १९४८ चा, कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० चा. लिहिलेला कायदा अमलात आणा, एवढे म्हणण्यासाठी या शहराने रक्त सांडले. आज प्रश्न एक पाऊल पुढे गेला आहे. ज्या कलमांच्या आधारे आपण भांडत होतो ती कलमेच पुस्तकातून काढली किंवा पातळ केली जात आहेत. त्यासाठी गोळी लागत नाही. मसुदा, निवेदन, अधिवेशनातला एक दुपारचा तास आणि आवाजी मतदान एवढे पुरते.

मालक सभागृहातच बसत होते तेव्हा

मालकवर्गाने कायद्यासाठी खटपट करणे ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे. मुंबईच्या गिरणीमालकांनी आपली संघटना १८७५ साली स्थापन केली. हिंदुस्थानातील गिरण्यांना कारखान्यांचा कायदा लावावा असा आग्रह लँकेशायरचे मालक धरीत होते, आणि त्या कायद्याला तोंड देणे ही मुंबईच्या मालकांना एकत्र आणणारी मोठी निकड होती. म्हणजे एका देशाचे भांडवल दुसऱ्या देशाच्या भांडवलाविरुद्ध निवेदने देत होते, आणि ज्याच्या कामाच्या तासांविषयी हा वाद चालला होता तो मजूर कोठेच नव्हता.

त्या मजुराला प्रथम वाचा दिली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सूर्यास्तानंतर काम बंद, पगार वेळेवर, या त्यातील मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना रविवारची सुटी मान्य करावी लागली. रविवारची सुटी आपण आज आकाशातून पडल्यासारखी उपभोगतो. तीही एका निवेदनातून आणि सहा वर्षांच्या चिकाटीतून आलेली आहे. तेव्हा निवेदन देणे हे मालकांचेच शस्त्र आहे असे समजण्याचे कारण नाही.

१९३५ च्या कायद्याखाली मुंबई प्रांताची जी विधानसभा आली, तिच्या १७५ जागांपैकी ७ जागा व्यापार व उद्योगाला, २ जमीनदारांना आणि ७ कामगारांना राखून दिलेल्या होत्या. लक्षावधी कामगारांना सात आणि मूठभर मालकांनाही सात, असा हा न्याय होता. तरी त्या व्यवस्थेत एक गोष्ट उघड होती. मालकांचा प्रतिनिधी कोण, तो कोणत्या बाकावर बसतो आणि कोणत्या दुरुस्तीच्या बाजूने हात वर करतो, हे प्रेक्षकांच्या सज्जातूनही दिसत होते.

त्याच सभागृहात सप्टेंबर १९३८ मध्ये बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहांचे विधेयक आणले. समेटाची लांबलचक प्रक्रिया सक्तीची करावयाची आणि तिच्या बाहेर जाऊन केलेला संप गुन्हा ठरवावयाचा, हा त्याचा गाभा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ सप्टेंबरला सभागृहात त्यावर घणाघाती टीका केली. काम सोडणे हा फार तर करारभंग होय. त्याला तुरुंगाची शिक्षा ठेवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबावयास लावणे आणि त्याला गुलाम करणे होय, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील कामगार संघटना यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. विधेयक संमत झालेच. परंतु सभागृहातील भाषण आणि गिरणगावातील संप एकाच विधेयकाच्या एकाच कलमावर बोट ठेवून उभे राहिले, हा त्या लढ्याचा ठेवा आहे. कामगाराला विधेयक वाचता आले पाहिजे, हे त्या पिढीने ओळखले होते.

आज विधानसभेत व्यापार-उद्योगाच्या राखीव जागा नाहीत. प्रौढ मताधिकाराने त्या रद्द केल्या. जागा गेल्या, परंतु प्रभाव उरला. तो दिसेनासा मात्र झाला.

कायदा कोठे तयार होतो

राज्याच्या विधानसभेचे काम आता किती दिवस चालते, याचा विचार करा. देशातील राज्यांच्या विधानसभा अलीकडच्या वर्षांत सरासरीने वर्षाचे पंचवीस दिवसही भरलेल्या नाहीत. निम्म्याच्या आसपास विधेयके मांडली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संमत झाली. प्रवर समितीकडे जाणारे विधेयक विरळाच. जे विधेयक सकाळी आमदाराच्या हाती पडते आणि संध्याकाळी कायदा होते, त्याच्यावर तो आमदार कसला अभ्यास करणार? त्यामुळे सभागृहात जे घडते ते बहुतेक वेळा शिक्कामोर्तब असते. खरा विचार त्यापूर्वी झालेला असतो: खात्याच्या सचिवांच्या टेबलावर, अर्थसंकल्पपूर्व बैठकांत, गुंतवणूकदारांच्या परिषदांत. त्या ठिकाणी कोणाला खुर्ची मिळते आणि कोणाला फाटकावर थांबवले जाते, यावर कायद्याचे स्वरूप ठरते.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचे चित्र आपणांपैकी अनेकांनी पाहिलेले आहे. विदर्भातून भिलाईत आलेली कुटुंबे येथे पुष्कळ आहेत. मोर्चा मॉरिस कॉलेजच्या चौकात अडवला जातो. दिवसभर थंडीत आणि उन्हात बसल्यावर पाच जणांना आत नेऊन निवेदन घेतले जाते. ते निवेदन आवक नोंदवहीत जाते. उद्योगांच्या संघटनांचे निवेदन मात्र पुष्कळदा अधिवेशनाआधीच खात्यात पोचलेले असते, आणि त्याला कलमवार दुरुस्त्यांचा तयार मसुदा जोडलेला असतो. फरक पैशाचा आहे, प्रतिष्ठेचा आहे, तसाच तयारीचाही आहे.

अमेरिकेत तर ही गोष्ट एक कारखानदारीच होऊन बसली आहे. तेथे १९७३ पासून ‘अमेरिकन लेजिस्लेटिव्ह एक्स्चेंज कौन्सिल’ नावाची संस्था काम करते. बड्या कंपन्यांचे प्रतिनिधी आणि राज्यांचे आमदार तिच्यात एकत्र बसून विधेयकांचे नमुने तयार करतात. मग तोच नमुना थोड्याफार फरकाने अनेक राज्यांच्या विधिमंडळांत मांडला जातो. आपल्याकडे अशी एखादी संस्था दाखवता येणार नाही. तथापि १२ तासांचा दिवस, ३०० कामगारांची मर्यादा, कंत्राटी कायद्यासाठी ५० ची मर्यादा हे आकडे एका राज्यामागून दुसऱ्या राज्यात कसे जसेच्या तसे उगवतात, हे पाहिले म्हणजे विचार करावासा वाटतो. अमेरिकेत निदान १९४६ पासून अशा खटपटी करणाऱ्यांची नोंदणी करण्याचा कायदा आहे. आपल्या देशात तोही नाही.

एका दिवसाची गोष्ट सांगतो. ८ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, मालकांच्या देशव्यापी संघटनांनी केंद्रीय कामगारमंत्र्यांपुढे आपल्या मागण्या ठेवल्या. कामगार कायदे दोन-तीन वर्षे स्थगित ठेवा आणि कामाचा दिवस बारा तासांचा करा, या त्यांत प्रमुख होत्या. त्याच दिवशी पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडून ठार झाले. ते मध्य प्रदेशचे होते, जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करीत होते आणि घरी जाण्यासाठी पायी निघाले होते. त्यांच्या वतीने कोणी निवेदन दिलेले नव्हते. त्याच आठवड्यात उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश सरकारांनी कामगार कायद्यांतून सवलतींची घोषणा केली. गुजरात सरकारने काढलेली बारा तासांच्या दिवसाची अधिसूचना १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. महामारी ही कारखाने कायद्यातील ‘सार्वजनिक आणीबाणी’ नव्हे, असा न्यायालयाचा निर्णय होता. अधिसूचनेचा दरवाजा असा बंद झाल्यावर विधेयकाचा दरवाजा ठोठावला जाऊ लागला.

तीन विधेयके, तीन निकाल

आता दक्षिणेतील दोन राज्यांतील तीन प्रसंग एकापुढे एक ठेवून पाहू.

पहिला प्रसंग कर्नाटकातील, फेब्रुवारी २०२३ चा. भाजपच्या सरकारने कारखाने कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले आणि ते झपाट्याने संमत झाले. आठवड्याचे ४८ तास कायम ठेवून दिवसाचे काम बारा तासांपर्यंत नेण्याची मुभा, आणि तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा ७५ तासांवरून १४५ तासांवर, अशी त्यातील तरतूद होती. पुढच्याच महिन्यात ब्रिटनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’ने वृत्त दिले की या बदलासाठी खटपट करणाऱ्यांत फॉक्सकॉन आणि ॲपल या कंपन्या होत्या.

मालकांचे समर्थक म्हणतात, आठवड्याचे तास वाढलेच नाहीत. चार दिवस काम, तीन दिवस सुटी, यात वाईट काय? या युक्तिवादाचे उत्तर त्याच विधेयकाच्या दुसऱ्या कलमात आहे. १४५ तासांना तिमाहीच्या तेरा आठवड्यांनी भागा. आठवड्याला अकरा तासांहून थोडे अधिक येतात. ४८ आणि ११ मिळून ५९. म्हणजे बारा तासांच्या पाच पाळ्या जवळजवळ पूर्ण भरल्या. तीन दिवसांच्या सुटीचे आमिष पहिल्या कलमात आहे आणि तिची वजाबाकी दुसऱ्या कलमात आहे. दोन कलमे एकत्र वाचली म्हणजे तीन पाळ्यांच्या दोन पाळ्या करण्याची वाट उघड दिसते. भट्टीसमोर आठ तास उभे राहणे म्हणजे काय, हे या शहराला सांगावयास नको. नवव्या ते बाराव्या तासात हात केव्हा घसरतो, हे ज्याने हात घातला आहे त्यालाच ठाऊक.

दुसरा प्रसंग तामिळनाडूचा. तेथे द्रमुकचे सरकार होते. २१ एप्रिल २०२३ रोजी, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, कारखाने कायद्यात ६५-अ हे नवे कलम घालणारे विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले. कामाच्या तासांविषयीच्या तरतुदींतून कोणत्याही कारखान्याला सूट देण्याचा अधिकार त्याने सरकारला मिळत होता. नवी गुंतवणूक आणणाऱ्या कंपन्यांना लवचिक तास हवे आहेत, असे समर्थन करण्यात आले. दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, काँग्रेस, विडुदलै चिरुदैगळ आदी सत्ताधारी आघाडीतील मित्रपक्षांनीच सभात्याग केला. कामगार संघटनांनी एकजुटीने संपाचा इशारा दिला. त्यांत खुद्द द्रमुकशी संलग्न असलेली कामगार संघटनाही होती. २४ एप्रिलला सरकारने विधेयक स्थगित केले आणि १ मे रोजी मुख्यमंत्र्यांनी ते मागे घेतल्याचे जाहीर केले. संमत झालेले विधेयक दहा दिवसांत मागे गेले.

तिसरा प्रसंग पुन्हा कर्नाटकाचा. आता सरकार काँग्रेसचे होते. १५ जुलै २०२४ रोजी, पावसाळी अधिवेशन सुरू झाले त्याच दिवशी, मंत्रिमंडळाने खाजगी उद्योगांत स्थानिकांना व्यवस्थापकीय जागांत ५० टक्के आणि इतर जागांत ७० टक्के राखीव ठेवणाऱ्या विधेयकास मंजुरी दिली. १७ जुलैला सॉफ्टवेअर कंपन्यांच्या ‘नॅसकॉम’ या संघटनेने विधेयक मागे घेण्याची मागणी करणारे पत्रक काढले व कंपन्या राज्याबाहेर जातील असा इशारा दिला. त्याच संध्याकाळपर्यंत विधेयक स्थगित झाले. ते सभागृहात आलेच नाही.

गैरसमज नको म्हणून स्पष्ट करतो. त्या विधेयकाचा कैवार घेण्यास मी उभा नाही. कामगारांची स्थानिक आणि परका अशी वाटणी करणारा कायदा कामगारवर्गाची ताकद फोडतो, आणि भंडारा-गोंदिया-नागपूरहून येऊन पोलादाच्या शहरात आयुष्य घालवलेल्या आपल्यासारख्यांना हे दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही. हरियाणाने केलेला तसाच ७५ टक्क्यांचा कायदा १७ नोव्हेंबर २०२३ रोजी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. माझा मुद्दा वेगाविषयी आहे. मालकांच्या संघटनेला विधेयक थांबवण्यास एक पत्रक आणि एक दिवस पुरला. तामिळनाडूच्या कामगारांना त्यासाठी सर्व संघटनांची एकजूट, मित्रपक्षांचा सभात्याग आणि संपाचा इशारा एवढे सगळे पणाला लावावे लागले. ते लावले तेव्हा त्यांनाही यश आले, हा त्यातला धडा. आणि पहिल्या प्रसंगात, जेथे अशी फळी वेळेवर उभी राहिली नाही, तेथे कायदा होऊन बसला. सरकारे तीन वेगवेगळ्या पक्षांची होती. निकाल ठरला तो दाराशी कोणाचा रेटा अधिक होता त्यावर.

हा प्रश्न दक्षिणेतच राहिलेला नाही. ३ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत आणि दुकाने-आस्थापनांतील दिवस नऊवरून दहा तासांपर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. जादा कामाची तिमाही मर्यादा दोन्हीकडे १४४ तास. कर्नाटकाचा आकडा १४५, महाराष्ट्राचा १४४. योगायोग म्हणावयाचा असेल त्याने म्हणावे.

एका आकड्यात काय असते

विधेयकातील सर्वांत निरुपद्रवी दिसणारी गोष्ट म्हणजे संख्येची मर्यादा. ‘वीस’ या शब्दाच्या जागी ‘पन्नास’ हा शब्द घालावा, एवढीच दुरुस्ती. वाचणाऱ्याला ती कारकुनी वाटते. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा वीस कामगार असलेल्या ठेकेदाराला लागू होता. राजस्थानने २०१४ साली ही मर्यादा पन्नास केली, महाराष्ट्राने मागाहून तेच केले, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती साऱ्या देशासाठी पन्नास झाली. आता भिलाईच्या औद्योगिक वसाहतीतील ठेकेदार डोळ्यांपुढे आणा. कोणाकडे तीस माणसे, कोणाकडे चाळीस. ज्याच्याकडे ऐंशी आहेत त्याने भावाच्या नावाने दुसरी फर्म काढली की चाळीस-चाळीस झाली. परवाना नको, मूळ मालकाची जबाबदारी नको. एका शब्दाने माणसे कायद्याच्या छपराबाहेर गेली.

कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची तरतूद १९७६ साली प्रथम आली तेव्हा ती ३०० कामगारांच्या कारखान्यांना होती. कामगार चळवळीच्या रेट्याने १९८२ च्या दुरुस्तीने ती १०० वर आली. २०१४ साली राजस्थानने ती पुन्हा ३०० केली आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तोच आकडा देशाला लावला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये तीन संहिता राज्यसभेत संमत झाल्या तेव्हा विरोधी पक्षांचा बहिष्कार चालू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही संहिता अमलात आल्या आहेत.

दुकानांतील नोकरांचेही तसेच. मध्य प्रदेशाकडून वारशाने आलेला १९५८ चा दुकान कायदा नोकरांची संख्या मोजत बसत नव्हता. छत्तीसगडचा २०१७ चा नवा कायदा, जो १३ फेब्रुवारी २०२५ पासून अमलात आला, तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरताच आहे. सुपेला बाजारातील कापडाच्या दुकानात पाच मुले आणि दोन मुली काम करीत असतील, तर त्यांचे तास मोजणारा तो कायदा त्यांच्यासाठी नाही. दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा मिळाली, ही बातमी मोठी झाली. हे लहान दुकानातले नोकर बाहेर राहिले, ही बातमी झालीच नाही.

व्यापाऱ्याने निवेदन देऊ नये काय?

कोणी विचारील, व्यापारीही नागरिक आहे. त्याने आपले म्हणणे सरकारपुढे मांडू नये काय? अवश्य मांडावे. घटनेने तो हक्क सर्वांना दिलेला आहे, आणि आपण तो स्वतःसाठी मागतो तेव्हा दुसऱ्याला नाकारू शकत नाही. शिवाय ‘व्यापार-उद्योग’ हा एकजिनसी वर्ग नाही. दोन लेथ यंत्रे टाकून बसलेल्या लहान कारखानदाराला विजेचा दर, थकलेली बिले, बड्या कारखान्याकडून होणारी पिळवणूक यांचे दुःख आहे. त्याच्या पुष्कळ तक्रारी रास्त आहेत. पण उद्योगमंडळाच्या निवेदनात त्याची तक्रार शेवटच्या परिच्छेदात जाते आणि बड्यांची मागणी पहिल्या परिच्छेदात येते. लहान्याचे नाव पुढे करून मोठ्याची सूट मिळवली जाते. या लहान उत्पादकाला आपला शत्रू समजणे ही चूक ठरेल.

आपली हरकत दोन गोष्टींना आहे. एक, गुप्ततेला. कोणी कोणत्या कलमाबद्दल काय मागितले, हे जनतेला कळत नाही. दुसरी, एकतर्फी सुनावणीला. ज्याच्या श्रमाचे तास ठरावयाचे त्याला कायदा झाल्यावर वर्तमानपत्रातून समजते. विधेयकाचा मसुदा तीस दिवस लोकांपुढे ठेवावा, असे केंद्र सरकारने २०१४ साली आपल्या खात्यांसाठी ठरवले. राज्यांवर त्याचे बंधन नाही, आणि केंद्रातही ते किती पाळले जाते हे आपण पाहतो.

आपले काम

मग करावयाचे काय? केवळ निषेधाने हे भागणार नाही. काही कामे हुडकोतल्या हुडकोत सुरू करता येण्यासारखी आहेत.

पहिले काम विधेयक वाचण्याचे. प्रत्येक विधेयकाला ‘उद्देश व कारणे’ यांचे निवेदन जोडलेले असते. सरकार हे का करीत आहे, हे तेथे त्याच्याच शब्दांत लिहिलेले असते. ‘व्यवसाय सुलभता’ हे शब्द दिसले की कोणाची सुलभता, हे विचारावे. त्यानंतर ‘अधिसूचनेद्वारे सूट देता येईल’ असे कलम शोधावे. ते बहुधा शेवटाकडे असते. मग संख्यांच्या मर्यादा पाहाव्यात. एवढे तीन मुद्दे तपासण्यास वकील लागत नाही. मॅट्रिक झालेली आपली मुले-मुली हे काम करू शकतात. येथील विधेयके हिंदीत असतात; ती घरोघरी समजावून सांगण्याचे काम मराठी, छत्तीसगढी, तेलुगू, ओडिया अशा सर्व भाषांत झाले पाहिजे.

दुसरे काम आमदाराला अधिवेशनापूर्वी गाठण्याचे. नव्वद सदस्यांच्या सभागृहात एकेका आमदाराच्या प्रश्नाला वजन आहे. त्याला मोघम निवेदन देऊन उपयोग नाही. अमुक कलमात अमुक शब्द नको, अमुक शब्द घाला, असे लेखी द्यावे आणि सभागृहात त्याने काय केले याचा जाब परत आल्यावर जाहीर सभेत विचारावा. कामगारविषयक प्रत्येक विधेयक प्रवर समितीकडे गेले पाहिजे आणि समितीपुढे कामगार संघटनांची साक्ष झाली पाहिजे, ही मागणी सर्व संघटनांनी मिळून करावी. मंत्र्यांना आणि खात्यांना विधेयकाबाबत आलेली सर्व निवेदने, मालकांची तशीच आपलीही, सभागृहाच्या पटलावर ठेवावीत, ही दुसरी मागणी.

तिसरे काम नियमांवर पहारा ठेवण्याचे. विधेयक संमत झाले की आपले लक्ष उडते. मालकांच्या संघटना तेथून पुढे खरे काम करतात. राजस्थानात जुलै २०२३ मध्ये ॲपवरून काम करणाऱ्या कामगारांसाठी देशातील पहिला कायदा झाला. तो कामगार संघटनांनी चिकाटीने मिळवला होता. पुढे सत्तांतर झाले आणि अंमलबजावणी रखडली. नव्या चार संहितांखाली नियम करण्याचा मोठा अधिकार राज्य सरकारांकडे आहे. तास कसे मोजावयाचे, तपासणी कोणी करावयाची, सूट कोणाला द्यावयाची, हे त्या नियमांत ठरते. हरकती मागवणारी अधिसूचना राजपत्रात येते आणि तिची मुदत संपून जाते. त्या मुदतीत आपल्या हरकती गेल्याच पाहिजेत.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे काम एकजुटीचे. कारखान्याचा कायम कामगार आणि ठेका-कामगार, दुकानातला नोकर आणि मोटारसायकलवर डबे पोचवणारा तरुण, हे आज वेगवेगळ्या कायद्यांखाली विभागलेले आहेत. एकाचे कलम कापले जाते तेव्हा दुसऱ्याला ते आपले वाटत नाही. तामिळनाडूत सत्ताधारी पक्षाच्या कामगार संघटनेनेही इतरांच्या बरोबर उभे राहण्याचे ठरवले, म्हणून दहा दिवसांत निकाल लागला. कायम कामगाराने ठेका-कामगाराच्या ‘वीस’ आणि ‘पन्नास’ या शब्दांसाठी भांडण्याची तयारी केली पाहिजे. कारण आज त्याच्या मुलाला कारखान्यात काम मिळाले तर ते बहुधा ठेकेदाराकडेच मिळणार आहे.

महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कामगारांनी कायदा मिळवला. पाठीवर पोती वाहणाऱ्या, एका मालकाचे नाव सांगू न शकणाऱ्या हमालांनी राज्याला कायदा लिहावयास लावले. त्यांच्याकडे उद्योगमंडळाची इमारत नव्हती आणि कायदेपंडितांचे पथकही नव्हते. संघटना होती, मागणी नेमकी होती आणि धीर होता. ही तिन्ही साधने आपल्या आवाक्यातील आहेत. नव्या विधानभवनाची इमारत १ नोव्हेंबर २०२५ रोजी नवा रायपूर येथे उघडली गेली. तेथील पुढचे अधिवेशन भरेल तेव्हा मालकांच्या संघटनांचे कागद वेळेवर पोचलेले असतील, याविषयी शंका बाळगू नका. भिलाईच्या कामगारांचे कागद त्या दिवशी त्याच टेबलावर असावेत, कलमवार आणि सह्यांनिशी, एवढी तयारी आजपासून करूया.